फावल्या पाव तासाचा हिशेब : गणितज्ञ गाऊस



सहावीच्या गणितात एक प्रश्न हटकून येतो. ५० ते १०० या संख्यांमध्ये मूळ संख्या किती व संयुक्त संख्या किती, ते सांगा. मुले वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडतात, खोडतात, उत्तर लिहितात. दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. वरच्या वर्गात गेल्यावर त्यातलेच काही जण विचारतात की हे सगळे मोजून पुढे उपयोग काय? पालकांच्या मनातही हा प्रश्न असतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका थोर माणसाच्या चरित्रात सापडते, म्हणून या अंकासाठी ते चरित्र निवडले आहे.

कार्ल फ्रेडरिक गाऊस यांचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्रुन्सविक या गावी झाला. हे गाव आज जर्मनीत आहे. त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता, लहान-मोठी अनेक संस्थाने होती. आपल्या माळव्यात होळकर, शिंदे, पवार यांची संस्थाने होती, तसेच काहीसे. ब्रुन्सविकच्या राजाला ड्यूक म्हणत. गाऊसचे वडील गेबहार्ड कष्टकरी होते. कधी बागकाम, कधी गवंडीकाम, कधी एका छोट्या निधीचा जमाखर्च, अशी मिळतील ती कामे करून ते घर चालवीत. आई डोरोथिया ही दगडकाम करणाऱ्या कारागिराची मुलगी. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे मुलाची जन्मतारीख तिने कुठे टिपून ठेवली नव्हती. तिला एवढेच आठवत होते की तो दिवस बुधवार होता आणि ईस्टरनंतर येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस उरले होते. आपल्या घरांतल्या आज्याही अशाच सांगत असत, अमका नागपंचमीच्या आदल्या बुधवारचा, तमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. ईस्टरची तारीख आपल्या तिथींप्रमाणे दरवर्षी बदलते. गाऊसने मोठेपणी कोणत्याही वर्षीचा ईस्टर काढण्याची रीत शोधली आणि १८०० मध्ये ती छापली. १७७७ साली ईस्टर ३० मार्चला होता, स्वर्गारोहणाचा सण ८ मे रोजी आला, म्हणजे त्याच्या आठ दिवस आधी ३० एप्रिल. वारही बुधवारच निघाला. आईची आठवण अगदी बरोबर ठरली.

लहानपणच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या मजुरीच्या हिशेबातली चूक त्याने दाखवली असे सांगतात. सातव्या वर्षी तो शाळेत गेला. ब्यूटनर हे तिथले गुरुजी कडक शिस्तीचे होते आणि वर्गात मुलांची दाटी होती. एकदा गुरुजींनी १ ते १०० या संख्यांची बेरीज करायला सांगितली आणि गाऊसने पाटीवर एकच आकडा लिहून ती पुढे ठेवली, ही गोष्ट आपल्या शाळेतल्या बहुतेक मुलांना ठाऊक आहे. १ आणि १००, २ आणि ९९, ३ आणि ९८, प्रत्येक जोडीची बेरीज १०१. अशा ५० जोड्या, म्हणून ५०५०. या गोष्टीतले आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे असतात, पण मुलाची चमक गुरुजींनी तेव्हा ओळखली हे खरे.

यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि शिक्षक म्हणून मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्यूटनर गुरुजींनी या मुलासाठी हॅम्बुर्गहून अंकगणिताचे अधिक चांगले पुस्तक मागवले. शाळेत योहान बार्टेल्स नावाचा एक तरुण मदतनीस होता, गाऊसपेक्षा आठ वर्षांनी मोठा. मुलांच्या लेखण्या नीट करणे, धाकट्यांना अक्षरे गिरवायला लावणे हे त्याचे काम. स्वतः गणिताचा भुकेला असलेला हा तरुण गाऊसला घेऊन बसू लागला आणि दोघे मिळून पुस्तके वाचू लागले. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझान येथे प्राध्यापक झाला आणि लोबाचेव्हस्की हे प्रसिद्ध भूमितीकार त्याच्या हाताखाली शिकले. चांगल्या मदतनीस शिक्षकाच्या हातून किती काम होते, ते पाहा.

वडिलांना मुलाने आपल्यासारखेच हाताचे काम शिकावे असे वाटे. संध्याकाळी घरात जवसाचे सूत काततात, तिथे या मुलानेही बसावे अशी रीत होती. गुरुजींनी समजूत घातल्यावर त्या कामातून त्याची सुटका झाली असे सांगतात. आई मात्र पहिल्यापासून मुलाच्या बाजूने उभी राहिली. १७८८ मध्ये गाऊस वरच्या शाळेत गेला. १७९१ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांच्यासमोर नेण्यात आले. ड्यूकने या गवंड्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलला. शिवाय त्याला लॉगरिथमच्या कोष्टकांचे पुस्तक भेट मिळाले. हिंदी माध्यमातल्या मंडळींना लॉगरिथम म्हणजे लघुगणक असे सांगितले की चटकन कळेल. या एका भेटीतून पुढे काय निघाले, ते समजण्यासाठी थोडे गणित करू.

जिला १ आणि ती स्वतः एवढ्याच दोन संख्यांनी पूर्ण भाग जातो, ती मूळ संख्या. जिला आणखी कुणी भागते, ती संयुक्त. १ ही संख्या दोन्हींपैकी कशातच मोडत नाही. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडात अभाज्य हा शब्द आधी बसला आणि मूळ हा शब्द शाळेत शिकवू लागल्यावर आला. दोन्ही शब्द चांगले आहेत. अभाज्य म्हणजे जिचे भाग पडत नाहीत ती. मूळ म्हणजे जिच्यापासून बाकीच्या संख्या तयार होतात ती. ६० म्हणजे २, २, ३ आणि ५ यांचा गुणाकार, ९१ म्हणजे ७ आणि १३ यांचा. संयुक्त संख्या कितीही मोठी असली तरी ती मूळ संख्यांच्याच गुणाकाराने बनलेली असते.

आता ५० ते १०० घ्या. दोन्ही टोके धरून एकूण संख्या १०० वजा ५० अधिक १, म्हणजे ५१. हा अधिक १ पुष्कळ जण विसरतात. यातल्या २, ३, ५ आणि ७ यांनी भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या खोडा. त्यापुढच्या मूळ संख्यांनी तपासण्याची गरज नाही, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि ११ चा वर्ग १२१, तो १०० च्या बाहेर. चाळणी लावून खडे काढावेत तशी ही रीत आहे. सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावाने ती ओळखली जाते. खोडून झाल्यावर ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९ आणि ९७ या १० मूळ संख्या उरतात. एकूण ५१ मधून १० गेल्या, म्हणजे संयुक्त ४१. मुले इथे ५१, ५७, ८७ आणि ९१ या चार संख्यांपाशी फसतात. दिसायला त्या मूळ वाटतात, पण ५१, ५७ आणि ८७ यांना ३ ने भाग जातो आणि ९१ ला ७ ने.

हेच काम पुढे चालू ठेवले तर काय दिसते? पहिल्या शंभरात २५ मूळ संख्या आहेत. दुसऱ्या शंभरात २१. मग १६, पुन्हा १६, मग १७, १४, १६, १४, १५ आणि दहाव्या शंभरात १४. एकूण हजारापर्यंत १६८. म्हणजे हजारापर्यंतच्या संयुक्त संख्या १००० वजा १६८ वजा १, म्हणजे ८३१. मूळ संख्या हळूहळू विरळ होत जातात हे दिसते, पण आकडे कधी घटतात, कधी वाढतात. पुढची मूळ संख्या नेमकी कुठे असेल, हे आधीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यात काही नियम नाही असेच कुणालाही वाटेल.

पंधरा-सोळा वर्षांच्या गाऊसपुढे हेच आकडे होते. १७९२-९३ च्या सुमारास त्याच्या हाती लॅम्बर्ट यांचे कोष्टकांचे पुस्तक आले. त्यात सुमारे १ लाख २ हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती. गाऊसने ती हजार-हजारांच्या तुकड्यांत मोजायला घेतली. पहिल्या हजारात १६८, दुसऱ्यात १३५, तिसऱ्यात १२७, मग १२०, ११९, ११४, ११७, १०७, ११० आणि दहाव्या हजारात ११२. असे करत तो पुढे जात राहिला. हे कुणी त्याला नेमून दिलेले काम नव्हते. त्यासाठी परीक्षा नव्हती, बक्षीसही नव्हते. रिकामा पाव तास मिळाला की तो एखादा हजाराचा तुकडा मोजून टिपून ठेवी. आयुष्यभर त्याने ही सवय सोडली नाही.

तुकडा छोटा असला की आकडे वेडेवाकडे दिसतात. तुकडे एकत्र केले की मात्र त्यांतून एक सरळ चाल दिसू लागते. आपणही करून पाहू. १०० पर्यंत २५ मूळ संख्या, म्हणजे चारांत एक. १,००० पर्यंत १६८, म्हणजे साधारण ६ मध्ये एक. १०,००० पर्यंत १,२२९, म्हणजे ८.१ मध्ये एक. १ लाखापर्यंत ९,५९२, म्हणजे १०.४ मध्ये एक. १० लाखांपर्यंत ७८,४९८, म्हणजे १२.७ मध्ये एक. आता ६, ८.१, १०.४, १२.७ हे आकडे शेजारी ठेवा. मर्यादा दहापट केली की दर वेळी साधारण २.३ ची भर पडते आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना हा २.३ ओळखीचा वाटेल. १० या संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम तो हाच.

ही चाल त्या मुलाच्या ध्यानात आली. एखाद्या मोठ्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती दाट असतात, हे त्या संख्येच्या लॉगरिथमवरून कळते. १,००० च्या आसपास साधारण ७ मध्ये एक, १० लाखांच्या आसपास साधारण १४ मध्ये एक. प्रत्येक ठिकाणचा हा वाटा जोडत गेले की कोणत्याही मर्यादेपर्यंत मूळ संख्या किती, याचा फार चांगला अंदाज मिळतो. गाऊसने आपल्या लॉगरिथमच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर याची छोटीशी नोंद केली आणि पुस्तक मिटून ठेवले. सिद्धता त्याच्यापाशी नव्हती, आणि सिद्धता नसलेली गोष्ट छापायची नाही हा त्याचा बाणा होता. काही वर्षांनी, १७९८ मध्ये, फ्रान्सचे लजांद्र यांनी असाच अंदाज आपल्या पुस्तकात छापला. जगाला तो आधी कळला तो त्यांच्याकडून.

ड्यूकच्या मदतीने गाऊस १७९५ मध्ये गॉटिंगेनच्या विद्यापीठात गेला. पुढच्याच वर्षी, ३० मार्च १७९६ रोजी, केवळ पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंची सुसम आकृती काढता येते हे त्याला उमगले. ग्रीकांच्या काळापासून या प्रश्नात दोन हजार वर्षे कुणी पुढे सरकले नव्हते. तोवर भाषा घ्यावी की गणित अशा विचारात असलेल्या गाऊसचे मन या शोधाने गणिताकडे वळले. १८०१ मध्ये अंकशास्त्रावरचा त्यांचा मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. वय होते २४. ग्रंथ त्यांनी ड्यूकला अर्पण केला. दिलेली संख्या मूळ की संयुक्त, आणि संयुक्त असेल तर तिचे मूळ अवयव कोणते, हे ओळखणे हा अंकगणितातल्या सर्वांत महत्त्वाच्या व उपयोगी प्रश्नांपैकी एक आहे, असे त्यांनी या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. सहावीच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. आपण वहीच्या मागच्या पानावर करतो ते काम गाऊसच्या लेखी एवढ्या मोलाचे होते.

त्याच वर्षी त्यांचे नाव युरोपभर झाले. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी यांना आकाशात सीरिस हा नवा गोल दिसला, पण काही आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. थोड्याशाच निरीक्षणांवरून गाऊसनी त्याचा मार्ग गणिताने काढला, आणि वर्षअखेरीस त्यांनी सांगितलेल्या जागेच्या जवळच तो पुन्हा सापडला. १८०७ मध्ये ते गॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

मधल्या काळात मोठे दुःख आले होते. १८०६ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ड्यूक जखमी झाले आणि त्यातच वारले. ब्रुन्सविक फ्रेंचांच्या ताब्यात गेले. त्या धामधुमीत एका फ्रेंच सेनापतीने माणूस पाठवून गाऊस सुखरूप आहेत ना, याची चौकशी केली. पॅरिसच्या सोफी जर्मेन या तरुणीच्या सांगण्यावरून ही चौकशी झाली होती. गाऊस गोंधळले, कारण हे नाव त्यांनी ऐकलेच नव्हते. मग उलगडा झाला की लब्लां या पुरुषी नावाने अंकशास्त्रावर त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारी व्यक्ती हीच. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती, म्हणून तिने पुरुषाचे नाव घेतले होते. गाऊसनी तिचे मनापासून कौतुक केले. ज्या वाटेवर मुलींना सर्वांहून अधिक अडचणी सोसाव्या लागतात, त्या वाटेवर ती इतकी पुढे आली याचे मोल त्यांनी जाणले.

घरचे आयुष्य सुखाचे गेले नाही. पहिली पत्नी योहाना १८०९ मध्ये बाळंतपणानंतर वारली आणि ते बाळही फार काळ जगले नाही. दुसरी पत्नी मिना दीर्घ आजारानंतर १८३१ मध्ये गेली. म्हाताऱ्या आईला मात्र त्यांनी आपल्याकडे वेधशाळेत आणून ठेवले. शेवटची काही वर्षे तिला दिसत नव्हते. नव्वदी ओलांडून १८३९ मध्ये तिने मुलाच्याच घरी डोळे मिटले.

पालकांसाठी या चरित्रातला एक कटू भागही सांगायला हवा, थोर माणूस आहे म्हणून तो झाकायचे कारण नाही. त्यांचा मुलगा यूजीन हुशार होता आणि आकडेमोडीत तरबेज होता. त्याला भाषांचा अभ्यास करायचा होता, वडिलांना त्याने वकिली करावी असे वाटे. मुलांनी गणितात पडून आपल्या नावापेक्षा कमी ठरू नये, असाही विचार वडिलांच्या मनात होता असे म्हणतात. भांडण विकोपाला गेले आणि १८३० मध्ये यूजीन अमेरिकेला निघून गेला, तो तिकडचाच झाला. कडवटपणा पुढे काहीसा निवळला, पण मुलगा घरात राहिला नाही. ज्या माणसाला लहानपणी वडिलांच्या इच्छेविरुद्ध शिकायला मिळाले, त्यालाच आपल्या मुलाच्या बाबतीत तेवढे मोकळेपण देता आले नाही.

या सगळ्या काळात हजार-हजारांची मोजणी चालूच होती. नवी कोष्टके छापली गेली की गाऊस पुढचे तुकडे घेत. १८११ मध्ये चेर्नाक यांचे १० लाख २० हजारांपर्यंतचे कोष्टक आले, १८१७ पर्यंत बुर्कहार्ट यांची ३० लाखांपलीकडची कोष्टके पूर्ण झाली. कंटाळा येऊन पहिल्या दहा लाखांतले काही तुकडे राहून गेले होते. ते नंतर गोल्डश्मिट या त्यांच्या सहकाऱ्याने भरून काढले आणि मोजणी ३० लाखांपर्यंत नेली. १८४९ च्या डिसेंबरात, वयाच्या ७२ व्या वर्षी, गाऊसनी खगोलशास्त्रज्ञ एन्के यांना पत्र लिहून हा सगळा प्रवास पहिल्यांदा सविस्तर सांगितला. नोंद केल्याला तोवर सुमारे ५६ वर्षे झाली होती.

त्या पत्रात ३० लाखांपर्यंतच्या मूळ संख्या २,१६,७४५ दिल्या आहेत. आज आपल्याला माहीत असलेली खरी संख्या २,१६,८१६ आहे. म्हणजे मोजणी ७१ ने कमी भरली. हाताने केलेल्या एवढ्या प्रचंड कामात गफलती राहणारच. गाऊसच्या नियमावरून येणारा अंदाज सुमारे २,१६,९७१ आहे. तो खऱ्या संख्येपेक्षा १५५ ने जास्त आहे, म्हणजे हजारात एकाचाही फरक नाही. मोजणीत थोड्या चुका राहूनही नियम बरोबर सापडला, कारण मोजणी फार मोठी आणि प्रामाणिक होती.

१८५० मध्ये त्सखारियास डाझे या विलक्षण तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला गाऊसनी सुचवले की त्याने ही कोष्टके ६० लाखांपासून पुढे न्यावीत. हॅम्बुर्गच्या मंडळींनी त्याला पैशाची मदत केली. डाझे १८६१ मध्ये वारला, तेव्हा या कामाचा बराच भाग झाला होता. गाऊस हे पाहायला राहिले नाहीत. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागच्या पानावरच्या नोंदीचे पुढे काय झाले? रशियाचे चेबिशेव्ह सिद्धतेच्या बरेच जवळ पोहोचले. गाऊसचेच विद्यार्थी रीमान यांनी १८५९ मध्ये अगदी नवी वाट दाखवली. त्या वाटेने जाऊन १८९६ मध्ये फ्रान्सचे आदामार आणि बेल्जियमचे द ला व्हाले पूसँ यांनी स्वतंत्रपणे तो नियम सिद्ध केला. १९१४ मध्ये लिटलवुड यांनी आणखी एक गंमत दाखवली. गाऊसच्या कोष्टकांत अंदाज नेहमी खऱ्या संख्येपेक्षा जास्तच निघतो. पण अतिशय मोठ्या संख्यांमध्ये तो कधीतरी कमीही पडतो, आणि असे अनंत वेळा होते. नुसती मोजणी कुठवर पुरते आणि सिद्धता कशाला लागते, ते यावरून कळते.

आता उपयोगाचा प्रश्न. बँकेचा व्यवहार संगणकावरून किंवा मोबाइलवरून करताना आपली माहिती गुप्त राखण्याची एक प्रसिद्ध रीत १९७७ मध्ये निघाली. तिच्यासाठी शेकडो अंकांच्या मूळ संख्या लागतात. अशी संख्या शोधायची म्हणजे संख्या निवडत आणि तपासत जायचे. किती तपासाव्या लागतील? ३०० अंकी संख्यांच्या आसपास साधारण ६९० मध्ये एक मूळ असते, हे गाऊसचाच नियम सांगतो. म्हणजे हे काम होण्यासारखे आहे, हे आधीच कळते. रिकाम्या वेळी मोजत बसलेल्या त्या मुलाला याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

मुलांनो, तुमच्यासाठी एक उपक्रम. एक वही घ्या. रोज पाव तास. पहिल्या शंभरापासून सुरुवात करा, शंभर-शंभरांचे तुकडे करा, चाळणी लावा, मूळ आणि संयुक्त किती ते टिपून ठेवा. १०१ ते २०० ला २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्यांनीच तपासले की पुरे. तिथे २१ मूळ आणि ७९ संयुक्त यायला हवेत. हजारापर्यंत १६८ आल्या तर मोजणी बरोबर. नाही आल्या तर चूक शोधा, खोडू नका, शेजारी दुरुस्ती लिहा. वही मला आणून दाखवा. त्याला गुण मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

पालकांना विनंती, मुलगा किंवा मुलगी परीक्षेत नसलेले काही मोजत, जुळवत, टिपत बसलेली दिसली तर तो पाव तास तिच्याकडून काढून घेऊ नका. डोरोथियाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हते, तरी त्यांना एवढे कळत होते.

विश्वस्त मंडळींना मी काय सांगावे? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला पाठवले, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. ब्रुन्सविकच्या ड्यूकने युद्धे लढली, राज्य केले, ते सारे इतिहासाच्या पुस्तकात राहिले. आज जगभर त्यांची आठवण काढली जाते ती एका गवंड्याच्या मुलाची फी भरली म्हणून. असे मूल आपल्या कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर बसले आहे, ते आज आपल्याला माहीत नाही. म्हणून फीअभावी एकाही मुलाचे नाव पटावरून कमी होऊ नये, एवढेच मागणे आहे.